छत बघणाऱ्या अक्का

अक्का कुणाच्याही घरी गेल्या की आधी वर बघायच्या. चपला काढल्या, उंबरा ओलांडला की मान वर. मग यजमानांकडे लक्ष. आमच्या शेजारच्यांनी हुबळीतल्या आमच्या केशवापुरातच नवीन फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला सगळ्या बायका स्वयंपाकघरातले कप्पे उघडून बघत होत्या आणि यजमानीणबाई कौतुकाची वाट बघत उभ्या होत्या. अक्का हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या, छताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाकी सगळं छान आहे हो, पण हा निळा रंग कुणी सुचवला? घरातली माणसं आजारी दिसणार." यजमानीणबाई दोन महिने त्यांच्याशी बोलत नव्हत्या. पण त्या घरात आजही फोटो काढायचा म्हटलं की सगळे गॅलरीत जाऊन उभे राहतात.

अक्कांचा केशवापुरात फोटो स्टुडिओ होता. नवरा असताना दोघं मिळून चालवायचे, तो गेल्यावर त्या एकट्या चालवू लागल्या. पाटीवर नाव नवऱ्याचंच राहिलं, पण ते कुणी वाचत नसे. त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा त्यांना अक्काच म्हणत. पुढच्या खोलीत ओळखपत्रांचे फोटो निघायचे आणि मागच्या खोलीत काचेच्या कपाटात कॅमेरे, लेन्स आणि फ्लॅश विकायला ठेवलेले असायचे. घराणं मूळचं मिरजेकडचं, पण जन्म हुबळीतला. त्यामुळे अक्का रागावल्या की कानडीत बोलायच्या, लाडात आल्या की कानडीत बोलायच्या आणि मधल्या वेळात मराठीत.

समोर बसलेल्या माणसाला त्यांनी कधी 'हसा' म्हणून सांगितलं नाही. त्यांचं म्हणणं, सांगून हसलेला माणूस दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखा दिसतो. त्या कॅमेरा डोळ्याला लावायच्या आणि विचारायच्या, "सकाळी काय खाल्लंत?" माणूस दचकायचा, आठवायला लागायचा, आणि तेवढ्यात फोटो निघालेला असायचा. केशवापुरातल्या निम्म्या लोकांच्या ओळखपत्रांवर उप्पीट आठवतानाचा चेहरा आहे. माझ्याही आहे. आणि खरं सांगते, इतका माझ्यासारखा दिसणारा माझा दुसरा फोटो नाही.

एकदा आमच्या ताईच्या लग्नासाठी विद्यानगरातलं एक मंगल कार्यालय बघायला त्या माझ्याबरोबर आल्या होत्या. तिथले मॅनेजर मोठ्या उत्साहानं जेवणाचा हॉल, वधूपक्षाच्या खोल्या, गाड्या लावायची जागा असं सगळं दाखवत होते. अक्का त्यांच्या मागोमाग "हौदु, हौदु" असं कानडीत हो ला हो करत आल्या, आणि मुख्य हॉलमध्ये पाऊल टाकताच पदर नीट खोचून सरळ फरशीवर उताण्या झोपल्या. त्यांना उभ्यानं उंच छत नीट दिसत नसे, मान आखडायची. मॅनेजरना वाटलं बाईंना चक्कर आली. ते धावत जाऊन सोडा घेऊन आले. अक्कांनी झोपल्या झोपल्याच त्यांना विचारलं, "हे वर मरून रंग आणि सोनेरी फुलं कुणाच्या डोक्यातून निघालं?" मग उठून बसल्या आणि आणलाच आहे तर म्हणून सोडा प्यायल्या.

या सगळ्या छतवेडाला कारण होतं. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश सरळ माणसाच्या तोंडावर मारणं हे अक्कांच्या लेखी पाप होतं. "चोर पकडायचाय का? मग पोलिसाची बॅटरी आण," असं त्या म्हणायच्या. फ्लॅशची मान वर करायची, उजेड छतावर टाकायचा, तिथून तो पसरून खाली येतो आणि माणसावर मऊ पडतो, ही त्यांची रीत. "उजेड मारायचा नसतो गं, वाढायचा असतो. पानात भात वाढतेस तसा." आता छतावरून उजेड खाली यायचा तर छत पांढरं हवं आणि फार उंच नको. निळ्या छतावरून निळा उजेड येतो, मरून छतावरून येतो न येतो. म्हणून त्या जातील तिथे वर बघायच्या. दवाखान्यात बघायच्या, बँकेत बघायच्या. मुलीच्या स्थळासाठी घर बघायला गेलेल्या एका मैत्रिणीला त्यांनी फोन करून 'छत कसं आहे' असंही विचारलं होतं.

मी त्यांच्या दुकानात पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून गेले ते फ्लॅश घ्यायला. घरच्यांशी हुज्जत घालून मी नुकताच फुल-फ्रेम कॅमेरा घेतला होता. या मोठ्या कॅमेऱ्यांना बहुधा स्वतःचा फ्लॅश नसतो, तो वेगळा घेऊन डोक्यावर बसवावा लागतो. मी मोबाईलवर रात्रंदिवस व्हिडिओ बघून तज्ज्ञ झाले होते. कुठला फ्लॅश किती लांब उजेड फेकतो हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं आणि सगळ्यात दांडगा घ्यायचा हे ठरलं होतं.

अक्कांनी माझं पाठांतर शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "यारिग?"

यारिग म्हणजे कोणासाठी. फ्लॅश घ्यायला आलेल्या प्रत्येकाला त्या हा एकच प्रश्न विचारायच्या, आणि नीट उत्तर मिळेपर्यंत कपाटाची किल्ली काढत नसत. कुणी 'सगळ्या कार्यक्रमांसाठी' म्हणालं की त्या म्हणायच्या, "सगळ्यांसाठी सूर्य आहे. तो फुकट आहे." अशानं त्यांची गिऱ्हाइकं तुटायची. गल्लीतले लोक म्हणायचे, या बाईला दुकान चालवायचंय की बंद करायचंय?

मी म्हटलं, "लग्नांच्या फोटोंसाठी."

"लग्नाला तोंड नसतं, तंगी. माणसाला असतं. कुणाचं तोंड काढायचंय ते आठवून ये." मला त्या तंगी म्हणायच्या, कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. मी पाय आपटत घरी आले.

खरं तर आठवायची गरजच नव्हती. ते तोंड मला रोज दिसत होतं, आणि फोटोत कुठेच दिसत नव्हतं.

माझ्या वडिलांचा, अप्पांचा, डावा डोळा लहानपणी विटी लागून गेला. तिथे खोटा डोळा बसवलेला आहे. बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे आणि तिथे त्या डोळ्याचं कधी कुणाला काही वाटलं नाही. अप्पा एका डोळ्यानं कापडाचा जो पोत ओळखतात तो आम्हाला दोन डोळ्यांनी ओळखता येत नाही. पण मी शाळेत असताना आमच्या एका चुलतभावाच्या लग्नाचा अल्बम आला. फोटोग्राफरनं सगळीकडे फ्लॅश समोरून मारला होता. असा उजेड सरळ डोळ्यात गेला की बाहुली लाल दिसते. अप्पांचा खरा डोळा लालभडक आला होता आणि खोटा गोटीसारखा पांढरा चमकत होता. कुणाचं तरी पोर ओरडलं, "भूत बघा, भूत!" सगळं घर हसलं. अप्पाही हसले. त्यानंतर मात्र ते कुठल्याच फोटोत आले नाहीत.

फोटोची वेळ झाली की अप्पांना मठ्ठा आठवायचा. "मठ्ठा कमी पडेल, बघून येतो," असं म्हणून ते जे जायचे ते फोटो उरकल्यावरच परतायचे. आमच्या घरातल्या सगळ्या मंगलकार्यांच्या फोटोत आईच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी आहे. आईनं ती कधी भरू दिली नाही.

आता ताईचं लग्न ठरलं होतं. आणि अप्पांनी जाहीर केलं होतं की कन्यादान काका-काकू करतील. "माझे गुडघे दुखतात, पाटावर तेवढा वेळ बसवणार नाही." दुकानात दिवसभर गादीवर मांडी घालून बसणाऱ्या माणसाचे गुडघे! कन्यादानाच्या वेळी सगळे कॅमेरे तिकडेच वळलेले असतात आणि तिथून मठ्ठ्याकडे पळता येत नाही, एवढंच खरं कारण. ताईनं रडून बघितलं, अबोला धरून बघितला. अप्पा गुडघ्यांवरून हटले नाहीत. ताई मला म्हणाली, "काकांनी माझा हात दिला तर मी आयुष्यभर अप्पांवर रागावलेली राहीन बघ." आणि ती बोलते ते करते.

दुसऱ्या वेळी अक्कांनी 'यारिग' म्हणायच्या आतच मी म्हटलं, "आमच्या अप्पांसाठी." आणि हे सगळं सांगितलं. सांगताना मला रडू आलं, त्याचा मला रागही आला. अक्का उठल्या. त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि कपाट उघडलं.

कपाटातल्या प्रत्येक फ्लॅशला त्यांनी नाव ठेवलं होतं. मला हवा होता तो सगळ्यात दांडगा, त्याचं नाव नवरदेव. "एकदा उजळला की पुन्हा तयार व्हायला वेळ लावतो. तोवर इकडे अक्षता पडून जातात." दुसऱ्याला इतकी बटणं होती की त्याचं नाव वकील. "कामाचं बटण सापडेपर्यंत तारीख पडते." आणि एक मध्यम चणीचा, काळा, जरा वापरलेला होता, त्याचं नाव सासू. "हिची मान चहूकडे वळते. वर, मागे, बाजूला. काही सुटत नाही हिच्यातून. एकदा उजळली की लगेच पुढच्याला तयार. आणि तुझ्या कॅमेऱ्याशी हिचं पटतं, किती उजेड द्यायचा ते दोघं आपसात ठरवतात."

मी कुरकुरले, की हिचा जोर कमी आहे.

"तुझ्या कॅमेऱ्याचा डोळा केवढा मोठा आहे! त्याला थोडा उजेड पुरतो. चमच्यानं जेवणाऱ्याला कशाला घमेलं?"

मग झाली ती नारळाची परीक्षा. अक्का कुणालाही फ्लॅश आधी हातात देत नसत. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला एका पिशवीत सोललेला नारळ बांधायच्या, कॅमेरा डोळ्याला लावून उभं राहायला सांगायच्या आणि समोर बसून चहा प्यायच्या. चहा संपेपर्यंत हात खाली आला तर फ्लॅश मिळायचा नाही. "मांडवात माणूस हसायच्या वेळी तुझं मनगट दुखलं म्हणून तो थांबणार आहे का?" माझ्या वेळी त्यांनी तो चहा बशीत ओतून, फुंकर मारमारून प्यायला. माझे हात भरून आले, पण खाली आले नाहीत. त्या नारळाची नंतर चटणी झाली आणि त्यातली मलाही मिळाली.

सासू घेऊन मी निघाले तेव्हा अक्का म्हणाल्या, "उद्या दुकानात येते तुझ्या अप्पांच्या. तू काही बोलू नकोस. कॅमेरा घेऊन बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. आल्या त्या अर्थातच वर बघत. आमच्या दुकानाचं छत जुन्या लाकडी फळ्यांचं, काळपटलेलं. अक्कांनी नाक मुरडलं आणि गादीवर बसल्या.

"मुलीच्या लग्नाचं कार्यालय बघितलं मी," त्या अप्पांना म्हणाल्या. "छत अगदी गचाळ आहे. मांडवाला आतून, डोक्यावर, कापड लावायला पाहिजे. रंग तुम्ही सांगा, कापड तुमचं."

अप्पांना कापडाचं काम सांगितलं की त्यांची कळी खुलते. "सध्या गुलाबी सॅटिन चालतंय अक्का. सगळे तेच लावतात," असं म्हणत त्यांनी थान सोडलंसुद्धा.

"धरा बघू गालाशी."

अप्पांनी सवयीनं कापड स्वतःच्या गालाशी धरलं आणि आरशात बघितलं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. साडी बायकांच्या खांद्यावर टाकायची, त्यांना दाराच्या उजेडात न्यायचं, कुठला रंग तोंडावर कसा उतरतो ते दाखवायचं. ते चटकन म्हणाले, "गुलाबी उतरतोय."

"मग?"

"मग पांढरंच पाहिजे. पण शुभकार्यात वर पांढरं..."

"आणि अंतरपाट कुठल्या रंगाचा असतो?"

अप्पा जोरात हसले. त्यांना हरल्याचा आनंद झालेला मी फार कमी वेळा बघितला आहे. त्यांनी पांढऱ्या पॉपलिनचं थान काढलं. अक्का म्हणाल्या, "वर कसं दिसतं ते बघू या की." दोघांनी मिळून ते कापड समोरासमोरच्या दोन कपाटांच्या माथ्यावर, गादीच्या बरोबर वर ताणून बांधलं. अप्पा त्याच्याखाली बसून सुरकुत्या निरखत होते. अक्कांनी माझ्याकडे बघून हनुवटी वर केली. "म्याल नोड," एवढंच पुटपुटल्या. वर बघ. मी सासूची मान वर केली.

"सकाळी काय खाल्लंत हो?" अक्कांनी विचारलं.

"थालीपीठ," अप्पा म्हणाले. "नाही, थालीपीठ काल. आज..."

मी बटण दाबलं. वरचं कापड क्षणभर उजळलं आणि उजेड अप्पांवर अलगद उतरला.

अप्पांचा चेहरा एकदम आक्रसला. "काढलास? माझा काढलास?" ते उठायला लागले. अक्कांनी त्यांना थांबवलं नाही, समजूतही घातली नाही. माझ्या हातातून कॅमेरा घेऊन त्यांच्यासमोर धरला.

अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, कॅमेरा चांगल्या डोळ्याजवळ नेला आणि बघत राहिले. बाहुली लाल नव्हती, गोटी चमकत नव्हती. खोटा डोळा खोटाच होता, पण शांत होता. माहीत असलेल्यालाच कळला असता. आज नाश्त्याला काय होतं ते आठवणारा एक कापडवाला पांढऱ्या उजेडात बसला होता. मला वाटत होतं, आता हे कॅमेरा खाली ठेवतील आणि पुन्हा माझ्याशी बोलणार नाहीत.

"मी माझ्या बाबांसारखा दिसतो," अप्पा म्हणाले. "मला कुणी सांगितलंच नाही."

मग त्यांनी गज हातात घेतला आणि अक्कांना विचारलं, "मांडव केवढा आहे म्हणालात?"

संध्याकाळी घरी जेवायला बसल्यावर ते काकांना म्हणाले, "कन्यादानाला मी बसतो. तू मठ्ठ्याकडे बघ." काकांनी "आणि गुडघे?" असं विचारलं. अप्पा म्हणाले, "बरे आहेत." ताईनं पानावरून उठून, खरकट्या हातानंच त्यांना मिठी मारली. आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

लग्नाच्या दिवशी विद्यानगरातल्या त्याच कार्यालयात, त्या मरून छताखाली, अप्पांनी स्वतः उभं राहून पांढरं कापड बांधून घेतलं होतं. एक सुरकुती दिसली तर मांडववाल्याला पुन्हा वर चढवलं. वरपक्षाची माणसं आपसात म्हणाली, सगळीकडे सॅटिन असतं, इथे हे काय! ताईच्या सासूबाई मात्र मला पुढे म्हणाल्या, की त्या मांडवात सगळेच कसे झोप पुरी झाल्यासारखे ताजे दिसत होते. अक्का पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि पूर्ण वेळ वरच बघत होत्या. मंगलाष्टकांतही.

कन्यादानाच्या वेळचा फोटो सांगायला सोपा आहे. खाली नवऱ्या मुलाची ओंजळ, तिच्यावर ताईची, तिच्यावर अप्पांचे हात, आणि आई वरून पाण्याची धार धरते आहे. अप्पा कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, ताईकडे बघतात. त्यांचा एक डोळा भरून आला आहे आणि दुसरा कोरडा आहे, आणि ते लपवायला त्यांनी काही केलेलं नाही. आईच्या शेजारी रिकामी जागा नाही. यानंतर मी पुष्कळ लग्नांचे फोटो काढले, मोठमोठे फ्लॅश वापरले, लोकांनी कौतुक केलं. पण कामाला निघताना सासू अजूनही माझ्या पिशवीत असते, आणि माणसाच्या तोंडाकडे कॅमेरा वळवायच्या आधी मी मनात विचारते, हा फोटो कुणासाठी? हे मला अक्कांनी दिलं. दुसऱ्या कुठल्या दुकानात मी गेले असते तर त्यांनी मला नवरदेव विकला असता आणि ताईचं कन्यादान काकांनी केलं असतं. या विचारानं मला अजून धडकी भरते.

अप्पांना मात्र आता फोटोतून बाहेर काढणं कठीण झालं आहे. नातेवाइकांच्या बारशात बाळाच्या मागे अप्पा, साखरपुड्यात अंगठीच्या मागे अप्पा, पंगतीत वाढप्याच्या मागे अप्पा. मठ्ठा वाटेल तेवढा कमी पडू दे.

अक्कांनी गेल्या वर्षी स्टुडिओ बंद केला आणि त्या धारवाडला, केलगेरीला भाचीकडे राहायला गेल्या. त्यांची मान आता फार दुखते. मी भेटायला निघाले तर अप्पा दुकान काकांवर सोपवून तयार होऊन बसलेले. धारवाडला जाताना पेढे काय न्यायचे, म्हणून त्यांनी अक्कांच्या खिडकीला पडदे होतील एवढं पांढरं पॉपलिन बरोबर घेतलं.

अक्का तळ्याकडच्या खोलीत आरामखुर्चीत बसल्या होत्या. आम्ही चपला काढल्या. मी वाकून नमस्कार करायला पुढे झाले. अप्पा उंबऱ्याच्या आत आले, थांबले आणि त्यांनी आधी वर बघितलं. सावकाश, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"छत पांढरं आहे," ते म्हणाले. "अक्का, आपल्या दोघांचा एक फोटो होऊ दे."

अक्कांनी डोळे बारीक केले. मान दुखत असूनही सवयीनं एकदा वर बघून घेतलं. मग अप्पांकडे बघितलं.

"यारिग?"

मला वाटलं, अप्पा ताईचं नाव घेतील. नाहीतर म्हणतील, दुकानात लावायला. अप्पा त्यांच्या खुर्चीशेजारी जाऊन उभे राहिले, सदऱ्याची कॉलर नीट केली.

"ननग," ते म्हणाले. मग मला नीट कळावं म्हणून मराठीतही म्हणाले, "माझ्यासाठी."

अक्का हसल्या. न सांगता हसल्या. मी सासूची मान वर केली.